मामींनी पाहिलेली विमानं

जमिनीशी फक्त तळपायांपुरता संबंध ठेवून जगलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या मोठ्या वहिनीचे मामा. राहणार दर्यापूर, नोकरी वीजखात्यात लाईनमनची, ती संपूनही आता सहा-सात वर्षं झाली, आणि जीव सगळा हवाईदलाच्या नऊ विमानांत अडकलेला. ही विमानं लढाईवर जात नाहीत. ती शहराशहरांत येऊन लोकांसमोर कसरती करतात. पंखाला पंख लावून वर चढतात, उलटी होतात, मागे केशरी-पांढरा-हिरवा धूर सोडतात आणि खाली हजारो माणसं माना मोडून बघत बसतात. तुमच्या-माझ्यासारखा माणूस हे एकदा बघतो, घरी येऊन दोन दिवस सांगतो आणि विसरतो. मामांनी ते नागपूरला पाहिलं, पुण्याला पाहिलं, हैदराबादेला पाहिलं, बंगळूरला तर जनरल डब्यात रात्रभर उभं राहून जाऊन पाहिलं. एरवीही त्यांची नजर वरच. साधं प्रवासी विमान गेलं तरी मामा भर बाजारात हातातली मेथीची जुडी तशीच धरून थांबायचे, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत भाजीवालीलाही थांबावं लागायचं. दर्यापुरातली एकही नाली अशी नसेल, जिच्यात मामा एकदा तरी पडले नाहीत. आमची वहिनी माहेरच्या अभिमानाने सांगते, की पडल्यावरही ते आधी वर पाहायचे आणि मग कपडे झटकायचे.

बरं, हे वेड नुसतं बघ्याचं नव्हतं, त्याला कडक नेमधर्म होता. विमानांच्या कसरती ज्या दिवशी असतील त्या दिवशी मामांचा उपास. पहाटेपासून तोंडात फक्त पाणी, तेही घोटभर. नऊ विमानं वर गेली, कसरती झाल्या, नऊच्या नऊ खाली उतरली, बोटांवर गिनती पुरी झाली, की मगच पिशवीतली भाकर बाहेर निघायची. मी एकदा विचारलं, "मामा, हा कोणत्या देवाचा उपास?" तर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी देवळात चपला घालून शिरलो की काय असं मलाच वाटलं. म्हणाले, "देवाचा कायचा भाऊ? खांबावर चार मानसं चढली तं चारही खाली उतरल्याबिगर आमी लाईन चालू करत नोतो. मंग अठी नऊ जन वर हायेत अन् मी खाली बसून भाकर खाऊ?" टाळ्या-शिट्ट्याही त्यांना बिलकुल मंजूर नव्हत्या. शेजारच्या कुणी शिट्टी मारली की मामा वळून त्याला झापायचे. "काम करून राह्यले थे लोकं. खांबावर मानूस असला तं खालून शिट्ट्या मारते काय कोनी?" पुण्याच्या एका माणसाने म्हणे यावर त्यांची माफी मागितली होती. पुण्याच्या माणसाने माफी मागितली, हे मला मात्र उलट्या विमानांपेक्षा जास्त अवघड वाटतं.

विमानांची रचना समजावून सांगायला मामांना कागद-पेन्सिल लागत नसे, चपला पुरत. माझी आणि त्यांची पहिली भेटच मुळी चपलांवरून झाली. माझ्या भावाच्या साखरपुड्याला आम्ही मंडळी दर्यापूरला गेलो होतो. आत पेढे वाटणं चालू होतं, तेवढ्या वेळात मामांनी मांडवाबाहेर आमच्या सगळ्या वऱ्हाडाच्या चपलांचे नऊ-नऊचे शंकरपाळे करून ठेवले. शंकरपाळे म्हणजे तीच ती चौकोनी रचना, पुढे एक, मागे दोन, तीन, पुन्हा दोन, शेवटी एक. त्यात सगळ्या डाव्या चपला. उजव्या त्यांनी कोपऱ्यात ढीग करून टाकल्या होत्या, कारण त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही मिसळल्या तर तोंडं फिरतात आणि टक्कर होते. आमच्या वडिलांना स्वतःचा डावा पाय शोधायला अर्धा तास लागला आणि तरीही ते घरी आले ते एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात कुणाची तरी सँडल घालून. "मुलगी चांगली आहे," वडील म्हणाले, "पण तिच्या मामाला लग्नात आतच बसवा."

एवढं सगळं करून ज्या एका माणसाने या विमानांवर विश्वास ठेवावा असं मामांना वाटत होतं, त्या मामींनी तो कधीच ठेवला नाही. त्याला कारणही तसंच घडलं होतं. मामींच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा नागपूरहून बस्त्याच्या कापडांचं गाठोडं आणायला नव्या जावयाला, म्हणजे मामांना, मोठ्या विश्वासाने पाठवलं होतं. गाठोडं घेऊन मामा बसस्टँडकडे निघाले, आणि वरून ती विमानं गेली. आयुष्यात पहिल्यांदा. मामांनी गाठोडं खाली ठेवलं आणि वर पाहिलं. किती वेळ पाहिलं ते त्यांनाही सांगता येत नाही. खाली पाहिलं तेव्हा गाठोडं नव्हतं. रिकाम्या हाताने सासुरवाडीला जाऊन त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं, की नऊ विमानं आली, उलटी झाली, रंगीत धूर सोडला आणि तेवढ्यात गाठोडं गेलं. आता तुम्हीच सांगा, कोणता सासरा यावर विश्वास ठेवील? नवऱ्याने माहेरी आपली मान खाली घालायला लावली आणि वर थाप मारली, हे मामींच्या मनात बसलं ते बसलंच. पुढे घरात टीव्ही आला, मामांनी त्यात दाखवलं, तर मामी म्हणाल्या, "टीव्हीत तं काई बी उडते." मोबाईल आला, त्यात दाखवलं, तर म्हणाल्या, "मोबाईलात तं आता म्हैस बी गानं म्हनते. तिचंही खरंच मानू काय?"

यावर उपाय एकच होता, की मामींना स्वतःच्या डोळ्यांनी दाखवणं. आणि तोच होण्यासारखा नव्हता, कारण मामींना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. एसटीचा हॉर्न ऐकूनच त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. दर्यापूर-अमरावती एवढा पन्नास किलोमीटरचा प्रवास त्यांनी जन्मात दोनदा केला, एकदा वहिनीच्या लग्नाला आणि एकदा तिच्या बाळंतपणाला, आणि दोन्ही वेळा पोचल्यावर दिवसभर आडव्या होत्या. मग मामांनी उलटा विचार केला, की मामी विमानांकडे जाऊ शकत नाहीत तर विमानांनी मामींकडे यावं. दरवर्षी सोयाबीन निघाल्यावर ते हवाईदलाच्या दिल्लीतल्या साहेबांना पत्र पाठवत. एक मी वाचलं आहे. त्यात लिहिलं होतं, की आमच्याकडे डोंगर नाही, झाडं कमी, वावरं मोकळी, आणि विजेच्या तारा कुठून कुठे जातात ते मी स्वतः सांगू शकतो, सबब दर्यापूरचं आभाळ कसरतीस उत्तम आहे. एका वर्षी दोन ओळींचं उत्तर आलं, की आपली सूचना मिळाली. मामा ते वर्षभर खिशात घेऊन फिरले. मला म्हणाले, "भाऊ, मले काई नको. फक्त इनं एकडाव पाह्यलं पायजे. नाई तं मी मेल्यावर हे लोकाईले सांगन, नवरा चांगला होता पन लबाड होता." हे ते हसत म्हणाले नाहीत.

म्हणून मागच्या-मागच्या हिवाळ्यात नागपूरला विमानं येणार असं पेपरात आलं तेव्हा मीच फुशारकीने म्हणालो, की मामा, माझ्या गाडीतून नेतो मामींना. गाडी नवी होती, पांढरी, एसीवाली. मामांनी आठ दिवस त्याची तयारी केली. आदल्या दिवशी मामींना अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबत माझ्याकडे अमरावतीला आणलं, दिवसभर झोपवलं. सकाळी सहाला निघायचं, काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही, मामींनी पुढे बसायचं, हातात लिंबू, काच खाली, आणि मुख्य म्हणजे पोटात काही घालायचं नाही. "पोट रिकामं ठेवलं तं निभते," मामा म्हणाले, "दोघंही उपाशी जाऊ, अन् उतरल्यावर सोबत जेवू." अकरा वाजता नऊ विमानं उडणार होती. मामांनी हिशेब करून ठेवला होता, की दहाला आपण पोचतो. मामी नवं लुगडं नेसून, लिंबू नाकाशी धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. मधूनच म्हणत होत्या, "आता दिसले नाई नं, तं पाहा मंग."

आणि इथे मी माती खाल्ली. माझी धाकटी बहीण तळेगावला दिली आहे, नागपूरच्या रस्त्यावरच घर. तिच्या सासूबाई एकदा चार लोकांत मला म्हणाल्या होत्या, "तुमी अजून स्कूटरच चालवता काय?" ते शल्य माझ्या मनात होतं. नवी गाडी त्यांच्या दारासमोर उभी करायची, बस, एवढीच माझी इच्छा. मी रात्रीच फोन करून ठेवला होता, आणि मामांना सांगितलं, "दोन मिनिटं, नुसता चहा." मामांनी घड्याळाकडे पाहिलं. सकाळी साडेसातला आम्ही तळेगावला उतरलो. आता मला हे कळायला हवं होतं, की मामी तिथे जन्मात पहिल्यांदा आल्या होत्या. पहिल्यांदा उंबऱ्यावर आलेल्या सवाष्णीची ओटी न भरता कुणी पाठवतं का? खण निघाला, नारळ निघाला, गहू निघाले, कुंकवाचा करंडा सापडेना म्हणून शेजारून आणला. तेवढ्यात सासूबाईंना कळलं, की पाहुणे काहीच खात नाहीत. मामांना उपास आहे म्हटल्यावर त्या खूश झाल्या, "मंग साबुदाना करते!" मामा म्हणाले, साबुदाणाही चालत नाही. "मंग भगर करते." भगरही चालत नाही. असा कोणता उपास असतो, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मामांनी विमानांचा म्हणून सांगितलं. झालं! आपली थट्टा चालली आहे असं समजून सासूबाईंचा चेहरा पडला. माझी बहीण माझ्याकडे बघू लागली. सासूबाईंचा मान राखावा, बहिणीला नंतर ऐकावं लागू नये, म्हणून मी, हो मीच, मामींना म्हणालो, "मामी, तुम्ही तरी घ्या थोडं." मामींनी मामांकडे पाहिलं. मग माझं मन मोडू नये म्हणून तुपातला शिरा बशीभर खाल्ला, वरून दूध प्याल्या. गाडी सगळ्यांनी पाहिली, छान आहे म्हणाले. आम्ही निघालो तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

मी काटा साठावर नेला. मामा मागून म्हणाले, "भाऊ, हळू." मी पन्नासवर आणला. मामा पुन्हा म्हणाले, "हळू." कोंढाळी मागे पडली तशा मामी पिवळ्या पडत गेल्या. नागपूर वीस-बावीस किलोमीटर राहिलं असेल, संत्र्याच्या एका बागेजवळ रस्त्यावरची सगळी वाहनं थांबलेली दिसली. ट्रकवाले खाली उतरून वर बोट दाखवत होते. मी गाडी बाजूला घेतली, आणि ती आलीच. नऊच्या नऊ. लांब होती, पण लख्ख दिसत होती. मी दार उघडून बाहेर उडी मारली आणि ओरडलो, "मामा, आली! मामी, वर पाहा, वर!" मागे वळलो तर मामी कुंपणापाशी ओणव्या होऊन उलटी करत होत्या, आणि मामांनी एका हाताने त्यांचं कपाळ धरलं होतं आणि दुसरा हात ते पाठीवरून फिरवत होते. मी पुन्हा ओरडलो, "मामा, अहो वर पाहा!" ते म्हणाले, "इचं होऊ दे." वरून आवाज घुमत होता, लोक ओरडत होते, ट्रकवाल्यांनी हॉर्न लावले होते. नालीत पडल्यावरही आधी वर पाहणाऱ्या त्या माणसाने मान वर केली नाही. एकदाही नाही. आणि मी? मी मोबाईल काढून शूटिंग करत होतो.

दहा-बारा मिनिटांनी मामी तोंड धुऊन सरळ झाल्या. आभाळात धुराचा एक पांढरा फराटा विरत चालला होता.

"गेले?" मामींनी विचारलं.

"गेले," मामा म्हणाले.

"म्या नाई पाह्यले."

"म्या बी नाई पाह्यले," मामा म्हणाले, आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

मी म्हणालो, चला ना पुढे, मैदानावर दुसरी विमानं ठेवलेली असतील, तीच पाहू. मामांनी नाही म्हटलं. एवढं अंतर आणखी पुढे आणि तेवढंच पुन्हा मागे, हे मामींना झेपणार नाही म्हणाले. आम्ही तिथूनच परत फिरलो. तळेगाव आलं तेव्हा मी मान फिरवून दुसरीकडे पाहिलं. अमरावतीला आमच्या घरी पानं वाढली तरी मामा जेवायला बसेनात. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तुह्या कोनी ओयखीचं हाय काय नागपूरले? नऊच्या नऊ उतरले नं?" मी मित्राला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, उतरले बाबा, सगळे उतरले. तेव्हा कुठे मामांनी घास घेतला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. द्यायला हवा होता. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाल्ल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. एका बाईला गाडी दाखवायची हौस मी एका माणसाच्या तीस वर्षांच्या आशेवर भागवून घेतली, याचा विचार मनात आला की अजूनही माझी झोप उडते.

त्यानंतरच्या दिवाळीत मी दर्यापूरला गेलो. ओसरीवर मामींच्या भोवती आळीतल्या पाच-सहा बाया बसल्या होत्या आणि मामी हात वर करून सांगत होत्या, "अवं माय, काय सांगू तुमाले! नऊ होते. म्या सोता मोजले. एकामेकाले चिपकून असे वर चढले, अन् वरती जाऊन सगळे उलटे! पोटं आभायाकडे अन् पाठी खाली. धूर कसा, तं रांगोळीवानी. आमचे हे सांगत होते थे काईच नाई, त्याच्याहून मोठं होतं. म्या यायले उगीच लबाड म्हने इतके वर्सं." एका बाईने माझ्याकडे पाहिलं, तशा मामी म्हणाल्या, "इचारा या बापूले. हे होते नं संगं." मी मान हलवली. मामा दाराला टेकून बसले होते, ते जमिनीकडे पाहत होते.

बाया गेल्या. मामी चहा ठेवायला आत गेल्या. आता मामा डोळे मिचकावतील, हसतील, असं मला वाटलं, तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "मामा, पुन्हा येणार आहेत म्हणतात विमानं. आपण दोघंच जाऊ, मी कुठे थांबणार नाही. सरळ नेतो."

"नाई भाऊ," मामा म्हणाले. "आता काहून जाऊ? जिले पटवाचं होतं तिनं मले खरं केलं. पाह्यल्याबिगर केलं. मी पाहून काय करू आता?"

मग संकोचल्यासारखे म्हणाले, "पन तू तं पाह्यलं त्या दिवशी. सांग बरं मले. दोन इमानं समोरासमोर येतेत नं, एकमेकाच्या आंगावर, थेव्हा मधात अंतर किती होतं?"

इतकी वर्षं ज्यांनी मला सांगितलं त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी आठवू लागलो. मला मोबाईलचा पडदा आठवला, त्यात हलणारे काळे ठिपके आठवले, कुंपणाशी ओणव्या झालेल्या मामी आठवल्या. विमानं आठवेनात. मी "जवळून गेली मामा, खूप जवळून," असं काहीतरी पुटपुटलो आणि माझा मलाच राग आला.

आत स्टोव्हचा आवाज चालू होता. त्यावरून मामींचा आवाज आला, "दोन हात बी नोतं. म्या डोये मिटून घेतले, म्हटलं धडकले आता."

मामांनी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला होता.

"मंग?" त्यांनी विचारलं.